आधी वहीत उत्तर, मग रन

पत्र

ताई, नमस्कार. मी ३२ वर्षांची. साताऱ्याजवळच्या एका पतसंस्थेत सात वर्षं लिपिक आहे. शिक्षण बी.कॉम., सगळं मराठी माध्यमातून. कॉम्प्युटरची आवड म्हणून संध्याकाळचा एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचा, क्लास लावला, तीन महिने केला आणि ओरॅकल या डेटाबेस कंपनीची ०७१ ही एसक्यूएलची परीक्षा दिली. थोडक्यात नापास झाले. जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप फंक्शन (बेरीज, सरासरी वगैरे), सबक्वेरी (प्रश्नाच्या आतला प्रश्न) आणि प्रिव्हिलेज (अधिकार) या विषयांतले प्रश्न चुकल्याचं निकालात आलं आहे. खरं तर क्लासच्या नोट्स मला तोंडपाठ होत्या. आता क्लासमधली मुलं म्हणतात, "डम्प्स घ्या, पाठ करा, त्यातलेच प्रश्न येतात." डम्प्स म्हणजे परीक्षेतून बाहेर आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. फी पुन्हा भरायची तर माझ्या पगारातला मोठा हिस्सा जाणार. मिस्टरांची हरकत नाही, पण सासूबाई म्हणतात, "एकदा गेले ते गेले, परत कशाला?" मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे रोज तासाभराहून जास्त वेळ निघत नाही. इंग्रजी प्रश्न दोन-दोनदा वाचावा लागतो. पुन्हा बसू का? आणि बसायचं तर अभ्यास कसा करू? कृपया नाव छापू नये.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

बसा. पण लगेच नको, आणि डम्प्स घेऊन तर मुळीच नको.

डम्प्सचं आधी सांगते, म्हणजे तो विषय डोक्यातून जाईल. परीक्षेला बसताना आपण एक करार मान्य करतो. प्रश्न बाहेर न्यायचे नाहीत आणि बाहेर आलेले वापरायचे नाहीत, असं त्यात स्पष्ट असतं. तो मोडला तर निकाल रद्द होऊ शकतो, मिळालेलं प्रमाणपत्रही काढून घेतलं जाऊ शकतं. रोज लोकांच्या ठेवींच्या पावत्या करणाऱ्या बाईला मान्य केलेल्या कागदाची किंमत मी वेगळी सांगायला नको. शिवाय त्या पीडीएफमधली उत्तरं कुणी तपासलेली नसतात. मी अशा फायली पाहिल्या आहेत. एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं, आणि पाठ करणाऱ्याला त्यातलं खरं कुठलं हे ओळखायला काही साधन नाही.

मी पुण्यात वीस वर्षं डेटाबेसवर काम करते आहे आणि अलीकडे मुलाखती घ्यायलाही बसते. प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलांपुढे मी कोरा कागद आणि दोन छोटी टेबलं ठेवते आणि विचारते, "ही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवली तर किती ओळी येतील?" पाठ करून आलेलं मूल तिथे गप्प होतं. ती शांतता माझ्या मनाला फार लागते, कारण मूल हुशार असतं. शिकवणाऱ्यांनी त्याला चुकीच्या वाटेने नेलेलं असतं.

तुमच्या पत्रातलं "नोट्स तोंडपाठ होत्या" हे वाक्य वाचून मी तिथेच थांबले. नापास होण्याचं कारण मला त्यातच दिसलं. या परीक्षेत लेफ्ट आउटर जॉइनची व्याख्या लिहायला सांगत नाहीत. टेबलाचं वर्णन देतात, क्वेरी देतात आणि विचारतात, काय होईल? निकाल येईल की एरर? आला तर कोणता? पुढची किती विधानं खरी? म्हणजे त्या दोन तासांत डेटाबेसचं काम तुमच्या डोक्याने करायचं असतं. ते पाठांतराने जमत नाही. निकाल आधी स्वतः सांगायचा आणि मग पडताळायचा, या सवयीने जमतं. माझा सगळा सल्ला एवढाच आहे: रनचं बटण दाबण्याआधी उत्तर वहीत लिहा. किती ओळी, कोणता आकडा, की एरर. पेनाने लिहा, म्हणजे खोडता येणार नाही. मग रन करा. जुळलं नाही तर का जुळलं नाही हे त्याखाली एका ओळीत, तुमच्या मराठीत. आठ आठवड्यांनी ती वही कुठल्याही नोट्सपेक्षा मोलाची असेल, कारण तिच्यात फक्त तुमच्या चुका असतील.

सरावाला ओरॅकलची एचआर ही कर्मचारी-विभागांची नमुना टेबलं घ्या. ब्राउझरमध्येच क्वेरी चालवून बघायची मोफत सोय ओरॅकलने दिली आहे. घरच्या लॅपटॉपवर डेटाबेसची मोफत आवृत्ती आणि एसक्यूएल डेव्हलपर हे क्वेरी लिहायचं साधन टाकता आलं तर आणखी चांगलं. एचआरमध्ये एम्प्लॉईज टेबलात १०७ ओळी आहेत आणि डिपार्टमेंट्समध्ये २७. ही छोटी टेबलं मला फार प्रिय आहेत, कारण त्यांत मुद्दाम ठेवल्यासारखे खड्डे आहेत आणि परीक्षेतले बरेचसे प्रश्न त्याच जातीच्या खड्ड्यांवर बेतलेले असतात.

एकच उदाहरण सावकाश करू. दोन्ही टेबलं डिपार्टमेंट आयडीवर साध्या जॉइनने जोडली तर किती ओळी येतील? क्लासमध्ये बहुतेक जण १०७ म्हणतात. येतात १०६. १७८ क्रमांकाच्या कर्मचाऱ्याचा विभागाचा रकाना कोरा आहे, ती ओळ गळते. कर्मचारी डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन केला तर ती परत येते, १०७. आता राइट जॉइन करा. २७ पैकी फक्त ११ विभागांत माणसं आहेत, उरलेले १६ विभाग रिकामे. म्हणून १०६ आणि १६ मिळून १२२. फुल आउटर जॉइनमध्ये तो एकटा कर्मचारीही येतो, १२३. हे चार आकडे स्वतःच्या हाताने काढलेत की जॉइनची व्याख्या पुन्हा कधी पाठ करावी लागणार नाही.

आणि मग नॅचरल जॉइन करून बघा. १०६ येतील असं वाटेल, येतात ३२. नॅचरल जॉइन दोन्हीकडची सारख्या नावाची सगळी कॉलम जुळवतो, आणि या दोन टेबलांत डिपार्टमेंट आयडीबरोबर मॅनेजर आयडीही सारखा आहे. म्हणून ज्यांचा स्वतःचा वरिष्ठ हाच विभागाचाही प्रमुख आहे, तेवढेच कर्मचारी उरतात. एरर येत नाही, निकाल बिनबोभाट चुकीचा येतो. प्रत्यक्ष कामात याच गोष्टीची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

इथून नलकडे येते. यातली अर्धी लढाई नलची आहे आणि ती तुम्ही सात वर्षं लढत आला आहात. रजिस्टरमध्ये हप्त्याच्या रकान्यात शून्य लिहिलेलं असणं आणि रकाना कोरा असणं, या दोन्हींत काय फरक आहे हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? शून्य म्हणजे हप्ता आला नाही हे आपल्याला माहीत आहे. कोरा म्हणजे नोंदच नाही, आला असेल किंवा नसेलही. नल म्हणजे तो कोरा रकाना. म्हणून नलची तुलना कशाशीही केली, दुसऱ्या नलशीसुद्धा, तरी उत्तर "खरं" येत नाही आणि "खोटं"ही येत नाही, "माहीत नाही" येतं. आणि व्हेअरमधून, म्हणजे क्वेरीतल्या अटीतून, पुढे जाते ती फक्त "खरं" ठरलेली ओळ.

आता हे वहीत सोडवा: जे कुणाचेही वरिष्ठ नाहीत असे कर्मचारी हवेत. कर्मचाऱ्याचा क्रमांक मॅनेजर आयडींच्या यादीत नसावा, म्हणून नॉट इन वापरून सबक्वेरी लिहाल. इंग्रजीत वाचली तर अगदी बरोबर वाटते. ओळी येतात शून्य. कारण १०० क्रमांकाचा माणूस कंपनीचा प्रमुख आहे, त्याच्यावर कुणी नाही, त्याचा मॅनेजर आयडी कोरा. त्या यादीत एक नल शिरला की डेटाबेस कुणाबद्दलही "हा यादीत नक्की नाही" असं म्हणू शकत नाही. सबक्वेरीत मॅनेजर आयडी नल नसावा एवढी अट घाला, ८९ ओळी येतील. सबक्वेरीतले तुमचे प्रश्न चुकले ते अशाच ठिकाणी असणार असं मला वाटतं.

ग्रुप फंक्शन्समध्येही हेच. काउंटच्या कंसात तारा (*) टाकला तर १०७. कमिशनचं कॉलम टाकलं तर ३५, कारण तेवढ्यांनाच कमिशन आहे. सरासरीही त्या ३५ जणांचीच निघते. ज्यांना कमिशन नाही त्यांचं शून्य धरून सरासरी हवी असेल तर एनव्हीएल, म्हणजे नलच्या जागी आपण दिलेली किंमत धरणारं फंक्शन, लावावं लागतं. दोन्ही काढून बघा, पहिली सरासरी दुसरीच्या तिपटीहून जास्त येते. संचालक मंडळाच्या अहवालात यातली चुकीची गेली तर काय होईल, याचा विचार करा, म्हणजे हा प्रश्न परीक्षेपुरता राहणार नाही. ओरॅकलची एक खास खोड इथेच लक्षात ठेवा: रिकामी अक्षरमाळ, म्हणजे दोन अवतरणचिन्हांमध्ये काहीच नाही, तीही ओरॅकल नलच मानतं.

ग्रुप बायचं तर मी तुम्हाला शिकवणारच नाही. रोजकीर्दीवरून खतावणी करता तेव्हा तुम्ही ग्रुप बायच करता. नोंदी तारखेच्या क्रमाने आलेल्या असतात, त्या खात्याखात्याने वेगळ्या करता आणि प्रत्येक खात्याची बेरीज मांडता. एकदा खातेवार बेरीज झाली की त्या पानावर एकट्या पावतीचा क्रमांक दाखवता येत नाही. सिलेक्टमध्ये ग्रुप बायमध्ये नसलेलं कॉलम घातलं की एरर येते, ती याच कारणाने. खतावणीत घेण्याआधीच काही नोंदी बाजूला काढल्या तर ते व्हेअर. खतावणी झाल्यावर "पन्नास हजारांच्या वरची खाती दाखवा" म्हटलं तर ते हॅविंग. क्वेरी लिहिताना सिलेक्ट पहिला असला तरी तिचा अर्थ फ्रॉमपासून लावायचा: मग व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, त्यानंतर सिलेक्ट आणि शेवटी ऑर्डर बाय. कॉलमला दिलेलं टोपणनाव ऑर्डर बायमध्ये चालतं आणि व्हेअरमध्ये चालत नाही ते म्हणून. व्हेअरच्या वेळी ते नाव अजून जन्मलेलंच नसतं.

क्लासमध्ये तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्ये १९७४ साली या भाषेचा पहिला आराखडा मांडला. तेव्हा संगणकतज्ज्ञ नसलेल्या पण शिकायची तयारी असलेल्या माणसांना साठवलेल्या माहितीला थेट प्रश्न विचारता यावेत, हा त्यांचा हेतू होता. अशी माणसं कोण, तर त्यांनी दिलेल्या उदाहरणांत पहिलंच नाव हिशेबनीसांचं आहे. ही भाषा मुळात तुमच्यासारख्यांसाठीच केलेली आहे, ताई. "मी कॉमर्सची" असं दबकून सांगू नका.

ट्रान्झॅक्शनवर तुमचे प्रश्न चुकलेले नाहीत, तरी एक सांगते, कारण ती शिकायची किंमत मी मोजली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका टेबलातून जुन्या नोंदी डिलीट केल्या. कमिट केलं नव्हतं, म्हणजे बदल कायम केला नव्हता, म्हणून निर्धास्त होते. मधेच तपासणीसाठी एक छोटं टेबल क्रिएट केलं. मग लक्षात आलं की डिलीटची अट चुकली आहे. रोलबॅक, म्हणजे बदल मागे घ्यायची आज्ञा, दिला. काही परत आलं नाही. ओरॅकलमध्ये क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप, ट्रंकेट अशी कुठलीही आज्ञा दिली की आधीचं सगळं आपोआप कमिट होतं. माझ्या क्रिएटने माझं डिलीट कायम केलं होतं. आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून नोंदी परत आणायला दुसरा दिवस उजाडला. त्या रात्री मी घरी फोन केला आणि बोलताच आलं नाही. हा प्रश्न परीक्षेत येतो तेव्हा चार ओळींचा असतो.

प्रिव्हिलेजमध्ये बरेच जण एकाच जागी घसरतात. टेबलावरचा अधिकार ग्रँट ऑप्शनसह, म्हणजे पुढे देण्याच्या मुभेसह, तुम्ही एकाला दिला आणि त्याने तो पुढे तिसऱ्याला दिला. तुम्ही पहिल्याकडून काढून घेतला की तिसऱ्याचाही जातो. सिस्टीमचा अधिकार ॲडमिन ऑप्शनसह दिला असेल, तर पहिल्याकडून काढला तरी तिसऱ्याचा राहतो. दोन-तीन युजर तयार करून एकदा करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. तारखांमध्ये आरआर आणि वायवाय या दोन अंकी वर्ष वाचायच्या साच्यांतला फरक पतसंस्थेच्या नजरेने बघा. सभासदाचं जन्मवर्ष नुसतं ७२ टाकलं तर आज आरआर त्याचं १९७२ करतं, वायवाय २०७२. पण ४५ टाकलं तर आरआरही २०४५ करतं, आणि १९४५ सालचे आजोबा अजून जन्मलेलेच नसतात. सेट ऑपरेटर, सीक्वेन्स, व्ह्यू, मर्ज हे प्रत्येकी दोन-तीन दिवसांत होईल, त्यावर जीव टाकू नका.

इंग्रजीबद्दल. दोनदा वाचावं लागतं यात कमीपणा नाही, मी आजही या प्रश्नांची विधानं दोनदा वाचते. अडचण व्याकरणाची नसते, पाच-सहा शब्दांची असते: मस्ट, कॅन, ऑल्वेज, ओन्ली, अॅट लीस्ट, इम्प्लिसिटली. "कॅन"चं विधान खरं असतं आणि तेच "मस्ट" घालून खोटं होतं. सरावात अशा प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि विधान मनात मराठीत म्हणा: "असू शकतं" की "असायलाच हवं"? किती पर्याय निवडायचे तेही प्रश्नातच लिहिलेलं असतं. दोन सांगितले असतील तर दोनच. लांबलचक टेबलाचं वर्णन आधी वाचत बसू नका. आधी प्रश्न काय विचारलाय ते बघा, मग पर्याय, मग वर गरज लागेल तेवढंच.

वेळेचं म्हणाल तर तासभर पुरे आहे, फक्त तो तुटक नको. मुलगी झोपल्यावर की पहाटे, ते घर बघून तुम्हीच ठरवा. आठ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस. पहिले पाच आठवडे फक्त चुकलेले चार विषय, वही आणि रन. मग दोन आठवडे बाकीचं. शेवटच्या आठवड्यात नवीन काही वाचायचं नाही, वहीतल्या स्वतःच्या चुका पुन्हा सोडवायच्या. रविवारी मिस्टरांनी मुलीला दोन तास बाहेर न्यावं आणि तुम्ही घड्याळ लावून सलग बसावं, हे त्यांच्याकडून आजच कबूल करून घ्या. हरकत नाही म्हणणाऱ्या माणसाने दोन तास द्यायलाच हवेत.

फी आत्ता भरू नका. सहाव्या आठवड्याअखेर न पाहिलेल्या पन्नास क्वेरी घ्या. त्यांतल्या चाळीसांचा निकाल रन न करता बरोबर सांगता आला, तर तारीख घ्या. नाही आला तर दोन आठवडे पुढे ढकला. प्रश्नांची संख्या, वेळ आणि उत्तीर्ण व्हायची टक्केवारी ओरॅकल अधूनमधून बदलतं, म्हणून फी भरण्याच्या दिवशी त्यांच्याच पानावर बघा, क्लासच्या फळ्यावर नको. सासूबाईंनाही हेच सांगा: "आधी घरी पास होईन, मगच पैसे भरीन." त्यांचा विरोध शिकण्याला आहे असं मला पत्रावरून वाटत नाही, पैसे पुन्हा वाया जायला आहे. आणि त्यांचं बरोबर आहे.

प्रमाणपत्राने नोकरी मिळेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. माझं मत सांगते. प्रमाणपत्रामुळे तुमचा अर्ज वाचला जातो, विशेषतः पदवी कॉम्प्युटरची नसेल तेव्हा. त्यापुढचं काम त्याचं नाही. म्हणून परीक्षेनंतर, आधी नव्हे, एक छोटं काम उभं करा: सभासद, खाती, कर्जं, हप्ते अशी चार टेबलं आणि त्यांवर थकबाकीची यादी, मुदत संपत आलेल्या ठेवी, शाखावार बेरीज. नावं आणि आकडे सगळे मनाचे घाला. संस्थेच्या सभासदांची एकही खरी नोंद घरच्या लॅपटॉपवर येता कामा नये, नमुन्यापुरतीही नाही. मुलाखतीत माझ्यासमोर कुणी असं काम ठेवलं आणि थकबाकीच्या क्वेरीत कोऱ्या रकान्याचं काय केलं हे समजावून सांगितलं, तर मी पदवी कोणती हे बघायला पान उलटत नाही.

आज रात्रीपासून सुरुवात करा. वहीच्या पहिल्या पानासाठी प्रश्न देते. एम्प्लॉईजमधला डिपार्टमेंट आयडी एकदा काउंट डिस्टिंक्ट लावून मोजा आणि एकदा सिलेक्ट डिस्टिंक्टने नुसता काढा. पहिल्यात आकडा किती येईल आणि दुसऱ्यात ओळी किती येतील? दोन्ही उत्तरं आधी पेनाने लिहा, मग रन करा. दोन्हींत एकाचा फरक का पडला ते मला पुढच्या पत्रात कळवा.